आज्ञापालन आणि व्रत : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनातील शिस्तीचा प्रश्न

प्रास्ताविक

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्याविषयी मराठीत आणि इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. तथापि या लेखनाची ढोबळमानाने दोन दालने पडतात. एका दालनात आर्य महिला समाजाच्या संस्थापक, हंटर आयोगापुढे साक्ष देणाऱ्या आणि विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या समाजसुधारक रमाबाई भेटतात. त्यांचे ख्रिस्ती होणे हा तेथे काहीसा अडचणीचा भाग ठरतो आणि लेखक तो दोन वाक्यांत ओलांडून पुढे जातो. दुसऱ्या दालनात मिशनरी चरित्रकारांनी रंगविलेल्या भाविक रमाबाई आहेत. तेथे त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांशी घातलेला वाद अडचणीचा ठरतो आणि तोही असाच ओलांडला जातो. पदवी वर्गाला एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र शिकविताना प्रस्तुत लेखिकेला हा अनुभव वारंवार येतो. विद्यार्थ्यांना बाप्तिस्म्याचे साल ठाऊक असते. त्यानंतर रमाबाई जवळजवळ एकोणचाळीस वर्षे ख्रिस्ती म्हणून जगल्या, आणि ते जगणे नेमके कसे होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

धर्मांतर एका दिवसात होते, धर्माचरण रोज करावे लागते. रमाबाईंच्या बाबतीत हे धर्माचरण कमालीचे निष्ठेचे व शिस्तीचे होते याविषयी त्यांच्या विरोधकांतही दुमत नव्हते. मतभेद होता तो ही शिस्त कोणाची, या मुद्द्यावर. वरिष्ठांची आज्ञा पाळणे म्हणजे शिस्त, की स्वतःच्या विवेकाला पटलेले व्रत आयुष्यभर चालविणे म्हणजे शिस्त? रमाबाईंनी दुसरा पर्याय स्वीकारला. परंतु पुढे त्या स्वतःच दोन हजारांच्या आसपास स्त्रिया व मुलींच्या आश्रयदात्या झाल्या, तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने त्यांच्यासमोर उभा राहिला. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा एकत्र विचार करण्याचा प्रयत्न आहे.

साधनांविषयी एक गोष्ट प्रारंभीच नोंदविणे आवश्यक वाटते. इंग्लंडमधील काळासाठी सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे रमाबाईंचा पत्रव्यवहार. हा संग्रह सिस्टर जेराल्डिन यांनी सिद्ध केला होता आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे वादातील एका पक्षानेच पत्रांची जुळणी केली आहे, त्यांवर स्वतःची टिप्पणीही केली आहे, आणि ही टिप्पणी रमाबाईंना नेहमीच अनुकूल नाही. असे असूनही पत्रांतून रमाबाईंचा आवाज इतका स्पष्ट येतो, की संकलकाची भूमिका त्याला झाकू शकत नाही. उत्तरकाळासाठी रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेली इंग्रजी 'साक्ष' आणि देवदत्त नारायण टिळक यांचे १९६० चे मराठी चरित्र ही प्रमुख साधने होत. अलीकडच्या काळात मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती व गौरी विश्वनाथन यांनी केलेल्या अभ्यासामुळे या विषयाला नवी दिशा मिळाली आहे.

व्रतस्थ घराचा वारसा

रमाबाईंना शिस्त ख्रिस्ती धर्माने शिकविली, हा समज मुळातच चुकीचा आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम थाटला. रमाबाईंचा जन्म तेथलाच. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. क्षेत्रोक्षेत्री मुक्काम करावा, पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा, हा त्यांचा क्रम होता. मुलीचे शिक्षण आईकडे होते. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते, हे सर्वज्ञात आहे. मात्र त्यामागे रोज पहाटेचा कितीतरी वर्षांचा पाठ होता, याकडे आपले लक्ष जात नाही.

दुष्काळात या घराची परीक्षा झाली. असलेले द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानात संपले, उपास घडले, १८७४ मध्ये आईवडील गेले आणि पाठोपाठ थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, सुमारे चार हजार मैल पायी हिंडून १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 'साक्षी'त रमाबाई या काळाकडे वळून पाहतात तेव्हा त्यांचा आक्षेप व्रतांच्या कठोरपणावर नाही. जे नियम आईवडिलांनी प्राणपणाने पाळले त्यांच्यातून ना अन्न मिळाले ना मनःशांती, ही त्यांची खंत आहे. नियम निष्ठेने पाळणारी माणसे त्यांनी अगदी जवळून पाहिली होती, त्यांच्यावर प्रेमही केले होते. म्हणूनच नियम कोणी घालून दिला आणि कशासाठी, हे विचारल्यावाचून तो स्वीकारायचा नाही, असा त्यांचा स्वभाव बनला. वाँटेजच्या धर्मभगिनींना रमाबाई हट्टी वाटल्या, त्याचे मूळ येथे आहे.

वाँटेज : आज्ञेचा प्रश्न

भावाचे निधन, बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी झालेला नोंदणी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पतीचा मृत्यू, एवढ्या घटना दोन वर्षांत घडल्या. ख्रिस्ती ग्रंथांशी त्यांची ओळख आसामातील सिल्चरमध्येच, घरातील एका बंगाली लूककृत शुभवर्तमानाच्या निमित्ताने झाली होती. पुण्यास आल्यावर त्यांचा संबंध नेहेम्या गोरे यांच्याशी आला. पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोरे हे काशीतील चित्पावन पंडित होते; त्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून हिंदू दर्शनांचे खंडन केले. रमाबाईंना तर्काने पटविण्याचे श्रेय त्या स्वतः गोरे यांनाच देतात. पंडिताला पंडितच लागतो, असे येथे म्हणावेसे वाटते.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने रमाबाई मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथे 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन धर्मभगिनींच्या संस्थेत त्या उतरल्या. ही संस्था वाँटेजचे धर्मगुरू विल्यम जॉन बटलर यांनी १८४८ मध्ये स्थापन केली होती आणि १८७७ पासून तिच्या भगिनी पुण्यातही कार्य करीत होत्या. ऑक्सफर्ड चळवळीच्या वातावरणात जन्मलेल्या या संस्थेत नेमलेल्या वेळी प्रार्थना होत आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांची शपथ घेतली जाई. रमाबाई भगिनी झाल्या नाहीत. त्या केवळ आश्रित अतिथी होत्या. पण घराचा नियम अतिथीलाही लागू होतोच.

या भगिनींच्या शिस्तीचा एक परिणाम रमाबाईंवर खोलवर झाला. लंडनच्या फुलहॅम भागातील त्यांच्या आश्रमात समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा चाले, ती त्यांनी पाहिली. अशा स्त्रियांना जवळ करणारा धर्म आपण पूर्वी पाहिला नव्हता, असे त्या सांगतात. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना येथे उमगली. दरम्यान त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या आघातानंतर काही काळातच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. बहिरेपणा वाढत गेल्याने वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला व त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. तेथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या.

यानंतरच्या दोन वर्षांचा पत्रव्यवहार हा एकोणिसाव्या शतकातील भारतीय धर्मविचाराचा एक अव्वल दस्तऐवज आहे, असे लेखिकेचे मत आहे. एकीकडे रमाबाई सिस्टर जेराल्डिनना प्रेमाने 'आजीबाई' म्हणतात; दुसरीकडे याच आजीबाईंशी एकेका मुद्द्यावर इंचभरही माघार न घेता वाद घालतात. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीपासून जन्म यांविषयीच्या शंका त्या उघडपणे मांडतात. अथानेशियसचा मतांगीकार अँग्लिकन प्रार्थनापुस्तकानुसार ठरावीक सणांना म्हणावा लागे. तो न मानणाऱ्याचा नाश होईल असे त्यात म्हटले असल्यामुळे आपण तो म्हणू शकत नाही, ही रमाबाईंची भूमिका. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण ख्रिस्ताच्या चर्चमध्ये आलो, अँग्लिकन अधिकाऱ्यांच्या प्रत्येक मताला बांधील झालो नाही, असे त्या सांगतात. सिस्टर जेराल्डिन यांच्या मते मात्र आज्ञेला शरण गेल्यावाचून श्रद्धेला आकारच येत नाही. गर्व हा नव्या ख्रिस्ती माणसाचा मोठा शत्रू आहे, आणि रमाबाईंचे पांडित्य म्हणजे नेमका तोच गर्व आहे, असे त्यांचे निदान होते.

वाद केवळ सिद्धांतांचा नव्हता. रमाबाई मांसाहार करीत नसत, अंडे घातलेले पक्वान्नही त्यांना चालत नसे. भगिनींना हा जातीचा अहंकार वाटे. ही आपली लहानपणापासूनची सवय आहे, तिची लाज वाटण्याचे कारण नाही आणि ख्रिस्ताने ती सोडण्यास सांगितलेले नाही, असे रमाबाईंचे उत्तर. आणखी एक प्रसंग क्रुसाचा. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आम्हा भारतीयांना न कळणारी लॅटिनच का, संस्कृत का नको, असा प्रश्न रमाबाईंनी केला. प्रश्न लहान दिसतो. परंतु पवित्र भाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाच त्याचा गाभा आहे. तिसरा प्रसंग अध्यापनाचा. रमाबाईंनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार पुढे आला, तेव्हा लाहोर व मुंबई येथील बिशपांचा विरोध झाला. भारतात परतल्यावर त्याचा अनिष्ट परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी रमाबाईंची बाजू घेतली. रमाबाईंना बिशपांच्या मतापेक्षाही आपल्याला न विचारता आपल्याविषयी निर्णय घेतला जातो, याचा अधिक संताप आला. पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने सुटलो, आता बिशपांच्या रूपाने तेच जोखड पुन्हा मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा आशय आहे.

या टप्प्यावर अभ्यासक बहुधा रमाबाईंना 'बंडखोर' ठरवून थांबतात. लेखिकेला हे वर्णन अपुरे वाटते. बंडखोराला नियम नको असतो. या पत्रांतील स्त्री रोज बायबल वाचते, मूळ अर्थ शोधते, उपासनेस नियमित जाते, मुलीला प्रार्थना शिकविते, आणि न पटलेले एक वाक्यही तोंडाने म्हणत नाही. तिची शिस्त भगिनींच्या शिस्तीपेक्षा शिथिल नव्हती. तिला वरून मोहोर मात्र नको होती. सिस्टर जेराल्डिन यांच्या बाजूनेही एक शब्द लिहिला पाहिजे. आज्ञापालन त्यांनी स्वतः आयुष्यभर केले होते, दुसऱ्यावर लादण्यासाठी ते त्यांनी शोधून काढले नव्हते. त्यांचा रमाबाईंवर लोभ होता. तो नसता तर त्यांनी ही पत्रे जपून ठेवली असती असे वाटत नाही.

शारदा सदन : उघडे दार

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथील मदतीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. सदन धर्मनिरपेक्ष राहील, असा करार होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार त्यामुळेच लाभले होते.

याच काळात रमाबाईंच्या अंतरंगात एक बदल घडला. विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. स्वतःच्याच प्रवचनाने आपले परिवर्तन झाले, असे हॅसलम सांगतात. आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना जाणवले. तर्काने स्वीकारलेली श्रद्धा येथे भक्तीची झाली. वाँटेजला ज्या सिद्धांतांवर त्यांनी हुज्जत घातली, त्यांपैकी बहुतेक त्यांनी पुढे कोणाच्याही आज्ञेवाचून मान्य केले, हे लक्षणीय आहे.

श्रद्धा अशी उत्कट झाल्यावर कराराचे काय, हा प्रश्न होताच. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. हे दार बंद ठेवावे, असे सल्लागारांचे म्हणणे. आपल्या घरात आपण लपून प्रार्थना करणार नाही, असे रमाबाईंचे. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कायद्याच्या दृष्टीने पाहता रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नव्हती. परंतु आश्रयदात्या बाईंच्या प्रार्थनेत जाऊन बसणारी दहा-बारा वर्षांची विधवा कितपत स्वेच्छेने बसते, हा सल्लागारांचा प्रश्नही केवळ सनातनीपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. दार उघडे होते हे खरे, तसे ते घर त्यांचेच होते हेही खरे. या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या आणि आनंदीबाई कर्वे या नावाने 'माझे पुराण' हे आत्मवृत्त लिहून गेल्या. उघड्या दारातून आत न जाण्याची मुभा होती, याचा हा एक सज्जड पुरावा आहे.

मुक्ती : घंटेच्या दुसऱ्या बाजूस

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. लहानपणीची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. तेथून सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या मुलींना दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे, सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या शेतावर ठेवावे लागले. त्यातून १८९८ मध्ये 'मुक्ती' उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकन संस्थेचा दहा वर्षांचा करार संपला आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. मात्र ती कोणत्याही एका पंथाच्या अधिपत्याखाली गेली नाही. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर येथील संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. जॉर्ज म्युलर यांच्या धर्तीवर, माणसांकडे याचना न करता प्रार्थनेवर विसंबून संस्था चालवावयाची, असा रमाबाईंचा बाणा होता.

दोन हजार जिवांचे घर केवळ प्रार्थनेवर चालत नाही. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाईगुरे आली, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना सुरू झाला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' व अंधांसाठी 'बार्तिमी सदन' निघाले; मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवीत. पहाटेची घंटा, प्रार्थना, शाळा, काम, पुन्हा प्रार्थना, असा दिनक्रम होता. थोरल्या मुलींकडे धाकट्या मुली सोपविलेल्या असत. संस्थेच्या नियतकालिकाचे नावच 'मुक्ती प्रेअर बेल' असे होते. रमाबाई स्वतः पांढरी साडी नेसत, शाकाहारी राहिल्या आणि मुलींबरोबर त्याच दिनक्रमात राबल्या. वाँटेजची घंटा केडगावात आली, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. फरक इतकाच, की आता दोर रमाबाईंच्या हाती होता.

आणि येथे इतिहासाच्या अभ्यासकाला अडचण येते. सिस्टर जेराल्डिन यांना उत्तर देणाऱ्या रमाबाईंची पत्रे आपल्यापुढे आहेत. रमाबाईंना उत्तर देणाऱ्या मुक्तीतील मुलीचे पत्र कोठे आहे? दुष्काळाने आईबाप गमावलेली, त्वचारोगाने व उपासाने खंगलेली, निरक्षर मुलगी केडगावच्या फाटकातून आत येते. तिला अन्न, अक्षर आणि ख्रिस्त एकाच हातून मिळतात. येथे शेकडो मुलींचे बाप्तिस्मे झाले. रमाबाईंनी वेद, उपनिषदे, ब्राह्मो मत, गोरे यांचे तर्क हे सारे पारखून निवड केली होती. या मुलींपुढे निवडीसाठी एवढे कधी मांडलेच गेले नव्हते. यावरून मुक्तीत सक्ती होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अन्न पुढे करणाऱ्या दुसऱ्या हातांची तेथे गर्दी नव्हती, हेही विसरता येत नाही. परंतु रमाबाईंच्या विवेकस्वातंत्र्याचा गौरव करताना आपण हा प्रश्न टाळतो, आणि तो टाळणे रमाबाईंनाच आवडले नसते असे वाटते.

या प्रश्नावर किंचित प्रकाश पाडणारा एक प्रसंग आहे. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट सुरू केले. जूनच्या अखेरीस तेथे 'जागृती'ची लाट उसळली. मुली मोठमोठ्याने, एकाच वेळी, रडत, हात उंचावून प्रार्थना करू लागल्या. तासन्‌तास हे चाले. संथ उपासनेची सवय असलेल्या काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा बेशिस्तपणा वाटला. दिनक्रमाच्या दृष्टीने तो होताही. पण रमाबाईंनी घंटा वाजवून त्यांना गप्प केले नाही. भारतीय स्त्रियांनी आपल्या पद्धतीने प्रार्थना करावी, पाश्चात्त्य रीत हीच एक खरी रीत नव्हे, अशी भूमिका त्यांनी घेतली. वाँटेजच्या संस्कृत क्रुसाचा युक्तिवादच, वीस वर्षांनी, त्या दुसऱ्यांसाठी करीत होत्या. ज्या मुलींनी काही लिहून ठेवले नाही, त्यांचा आवाज इतिहासात शिरला तो या कल्लोळाच्या रूपाने.

खिळे आणि मुद्रिते

याच सुमारास रमाबाईंनी बायबलच्या नव्या मराठी भाषांतरास हात घातला आणि आयुष्याची उरलेली वर्षे त्यास वाहिली. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यातील स्त्रीला कळत नाही, त्यातील पुष्कळ शब्दांना जुन्या देवधर्माचा वास आहे, असा त्यांचा आक्षेप होता. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. एकेकाळी लॅटिनच्या जागी संस्कृत मागणाऱ्या पंडितेने आता संस्कृतप्रचुर मराठीच्या जागी साधी बोली मागावी, हा त्यांच्या आयुष्यातील लांबचा प्रवास आहे. त्यांचे समकालीन रेव्हरंड ना. वा. टिळक अभंग व कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती गात होते, जुन्या शब्दांना नवा अर्थ देत होते. रमाबाई जुना शब्दच बाजूस सारीत होत्या. दोघेही चित्पावन, दोघेही संस्कृतज्ञ. वाङ्मयदृष्ट्या टिळकांचा मार्ग फलद्रूप झाला हे मान्य केले पाहिजे. रमाबाईंचे भाषांतर अनेक ठिकाणी मुळाला इतके चिकटून राहते की वाक्य अवघडते.

संपूर्ण बायबल एकटीने भाषांतरित करणारी जगातील पहिली स्त्री, असे रमाबाईंचे वर्णन अनेकदा केले जाते. ते दुरुस्त करावयास हवे. अमेरिकेतील ज्यूलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. रमाबाईंचे वैशिष्ट्य निराळे आहे. हा ग्रंथ भाषांतरापासून छपाईपर्यंत स्त्रियांच्या हातून झाला. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, यंत्र चालविणाऱ्या, पाने शिवून बांधणी करणाऱ्या स्त्रिया या आश्रमातीलच होत्या. यांतील कित्येक जणी दुष्काळात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. खिळा उलटा असतो, ओळ आरशात पाहिल्यासारखी वाचावी लागते. हजारो ओळी अशा जुळविणाऱ्या स्त्रीने तो मजकूर जितक्या बारकाईने वाचला असेल तितका फारच थोड्या भाविकांनी वाचला असेल.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. संस्थेची वारस म्हणून जिला घडविले ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाल्यावरच त्यांनी देह ठेवला असे चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. महाराष्ट्रातील चर्चनी बायबल सोसायटीचे भाषांतरच वापरात ठेवले आणि रमाबाईंचे बायबल मर्यादित वर्तुळातच राहिले. ते ग्रंथरूपाने बाहेर आले १९२४ मध्ये. मधली दोन वर्षे दोर ओढणारी बाई हयात नव्हती, आणि केडगावच्या छापखान्यात त्या स्त्रिया रोज सकाळी खिळ्यांच्या पेट्यांपाशी येऊन काम करीत होत्या.